ठोके लागले नाहीत, मग पुढे काय?

सोनोग्राफीच्या खोलीतून बाई बाहेर येते तेव्हा तिच्या हातात एक कागद असतो. गर्भाची वाढ सात आठवड्यांवर थांबली आहे, ठोके दिसत नाहीत, एवढेच त्यावर इंग्रजीत लिहिलेले असते. खाली दोन शब्द: ‘मिस्ड ॲबॉर्शन’. पोटात दुखत नसते, अंगावरून जात नसते, त्या दिवशी सकाळी उलटीसुद्धा झालेली असते. डॉक्टरांच्या टेबलापाशी पुढचे बोलणे दोन-तीन मिनिटांत उरकते. ‘‘गर्भ वाढलेला नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी या, पिशवी साफ करून घेऊ.’’ सोबत आलेली सासू मान डोलावते. नवरा मुंबईला असेल तर त्याला फोनवर कळवले जाते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे आटोपलेले असते.

यात डॉक्टरांनी काही गैर केले असे नाही. पण एक गोष्ट त्या बाईला सहसा कोणी सांगत नाही. पिशवी साफ करणे हा तीन मार्गांपैकी एक आहे. दुसरा मार्ग गोळ्यांचा. तिसरा, काही न करता पण लक्ष ठेवून वाट पाहण्याचा. रक्तस्राव जोरात नसेल, ताप नसेल, पोटात एका बाजूला तीव्र दुखत नसेल, तर यातला कोणता निवडायचा हे ठरवायला तिच्यापाशी काही दिवस असतात. ‘मेलेला गर्भ आत राहिला तर अंगात विष पसरेल’ ही भीती घरोघरी आहे. ती मुख्यतः मोठ्या महिन्यांच्या, कित्येक आठवडे आत राहून गेलेल्या गर्भांच्या अनुभवातून आलेली आहे. सात-आठ आठवड्यांच्या गर्भाबाबत चार दिवस विचार करायला घेतले म्हणून तसे होत नाही.

शब्दाचाच घोळ

आपल्याकडे या विषयात भाषेनेच अर्धा गोंधळ केला आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर गर्भपात, असा फरक केलेला आहे. कोकणातल्या बायका आपसात बोलताना ‘राहिलं नाही’, ‘गेलं’ असे म्हणतात, त्यातही कोणी काही केले असा आरोप नसतो. पण दवाखान्याच्या कागदावर आपोआप गेलेल्या आणि ठरवून केलेल्या दोन्हींना ‘ॲबॉर्शन’ हाच शब्द पडतो. घरातल्या कोणी तो वाचला की संशय सुरू होतो आणि औषधांच्या दुकानात चिठ्ठी दाखवली की दुकानदाराची नजर बदलते.

कायद्याच्या बाजूने मात्र चित्र स्वच्छ आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसह, चालू असलेली गर्भधारणा संपवण्याविषयी आहे. जी गर्भधारणा आपोआप संपलेली आहे तिच्यावरचा उपचार म्हणजे गर्भपात करणे नव्हे. आणि त्या कायद्यातसुद्धा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागते हा समज इतका पक्का बसला आहे की रात्रीच्या गाडीने मुंबईहून तो येईपर्यंत उपचार अडवून धरले जातात. तो यावा, सोबत असावा, हे चांगलेच. पण त्याच्या सहीवाचून काही अडत नाही.

हे किती जणींच्या वाट्याला येते? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये या विषयावर लेखमाला प्रसिद्ध केली. तिच्यातील अंदाजानुसार गर्भ राहिल्याचे कळलेल्या दर १०० पैकी सुमारे १५ गर्भधारणा अशा संपतात आणि जगात वर्षाला असे २ कोटी ३० लाख गर्भस्राव होतात. म्हणजे पाच-सहा बायका विहिरीवर किंवा बचतगटाच्या बैठकीत जमल्या तर त्यांतल्या एखादीला हे ठाऊक असण्याची शक्यता बरीच. तरीही प्रत्येकीला वाटते की आपल्यालाच झाले, आणि आपल्याच हातून झाले.

हातून झालेले नसते. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भस्रावांपैकी निम्म्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रसंगी कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असते. बीज जुळताना एखादे गुणसूत्र जास्त येते किंवा कमी पडते आणि तो गर्भ ठरावीक टप्प्यापुढे वाढूच शकत नाही. पपईची फोड, तिळाचा लाडू, एसटीचे खड्ड्यांतले हादरे, पाण्याची कळशी, ग्रहणात चिरलेली भाजी यांचा त्याच्याशी संबंध नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ टिकतो याचाही पुरावा नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांबद्दल मात्र थोडे बारकाईने बोलावे लागेल. गर्भारपणाच्या सुरुवातीला रक्त दिसते आहे अशा ४,००० हून अधिक स्त्रियांवर ब्रिटनमध्ये केलेल्या ‘प्रिझम’ या चाचणीत सरसकट फायदा सिद्ध झाला नाही. मात्र ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भ गेले होते त्यांच्यात फरक ठळक होता. एकदा ठोके थांबल्यावर मात्र कोणतेही इंजेक्शन गर्भ परत जिवंत करत नाही. तरीही ‘आणखी आठ दिवस इंजेक्शन घेऊन बघू’ असे सांगितले जात असेल तर कशासाठी, हे विचारावे.

आधी खात्री

उपचाराच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: गर्भ खरोखरच थांबला आहे ना? पाळीच्या तारखेवरून आठ आठवडे होतात पण सोनोग्राफीत साडेपाच आठवड्यांचे चित्र दिसते, याचा अर्थ दर वेळी गर्भ थांबला असा नसतो. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील, तारीख नीट लक्षात नसेल, तर गर्भ नुसताच लहान असू शकतो.

२०११ पर्यंत जगभर वापरल्या जाणाऱ्या मापांत धोका आहे हे लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. त्या जुन्या मापांनी काही चांगले गर्भही ‘गेले’ ठरू शकत होते. त्यानंतर निकष कडक झाले. आज सर्वमान्य असलेली मर्यादा अशी: योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असून आत गर्भच नाही, तरच पहिल्या फेरीत निदान पक्के. त्याच्या आतले माप असेल तर एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचे. कागदावर हे आकडे असतात. ते वाचायला डॉक्टर व्हावे लागत नाही. पोटावरून केलेल्या तपासणीवर, लहान मापावर, पहिल्याच दिवशी ‘साफ करा’ असे कोणी सांगितले तर ‘आठ दिवसांनी परत बघू या का?’ एवढे विचारण्याचा हक्क आहे. उत्तर तेच निघाले तरी काही बिघडलेले नसते. निदान पुढे आयुष्यभर ‘घाई तर झाली नसेल ना’ हा प्रश्न छळत नाही.

अल्सरच्या गोळीची गोष्ट

आता गोळ्यांकडे. यांतली मुख्य गोळी मिसोप्रोस्टॉल. हिचा जन्म प्रसूतीच्या विभागात झालेला नाही. सर्ल या अमेरिकन कंपनीने ती पोटातील अल्सरसाठी १९७० च्या दशकात बनवली. गर्भारपणात घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावते, असा इशारा त्या औषधावर होता. १९८० च्या दशकात ब्राझीलमधील बायकांनी तो इशारा उलटा वाचला आणि गोळीचा दुसरा उपयोग जगाला कळला. वैद्यकशास्त्र त्यांच्या मागून आले.

या गोळीच्या इतिहासातील एक मोठे पान आपल्या शेजारी, घाटापलीकडच्या बेळगाव जिल्ह्यात लिहिले गेले आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांबरोबर २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात, नर्सबाईंच्या हातून, बाळ जन्मताच ही गोळी तोंडाने द्यायची. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’मध्ये २००६ साली हे प्रसिद्ध झाले आणि खेड्यापाड्यांत ही गोळी वापरता येते यावर जगाचा विश्वास बसला. बाळंतपणातील रक्तस्राव हा वेगळा विषय, पण मुद्दा तोच: फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही, वीज लागत नाही.

अशा गोळीलाही कोकणात एक शत्रू आहे, दमट हवा. वेष्टनातून काढून ठेवलेल्या मिसोप्रोस्टॉलची ताकद ओलाव्याने दोन दिवसांत घटू लागते हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. म्हणून पाकीट फोडून पुडीत बांधून दिलेली किंवा अर्धी तोडून ठेवलेली गोळी घेऊ नये. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे वेष्टन असलेली पट्टी उत्तम.

ही गोळी गर्भाशयाचे तोंड मऊ करते आणि स्नायू आवळायला लावते. एकटीने दिली तर काम बऱ्याचदा होते, पण नेहमी नाही. अमेरिकेत ६५२ स्त्रियांवर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिसऱ्या दिवसापर्यंत ७१ टक्के आणि, गरज पडल्यास दुसरी मात्रा देऊन, आठव्या दिवसापर्यंत ८४ टक्के जणींची पिशवी रिकामी झाली. तिच्याआधी मिफेप्रिस्टोन दिली तर पारडे आणखी झुकते. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम मिफेप्रिस्टोन अडवते आणि गर्भाशयाला पुढच्या गोळीसाठी तयार करते. ठोके आधीच थांबलेले असताना ती कशाला, असे डॉक्टरांनाही बरीच वर्षे वाटत होते. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ३०० स्त्रियांची चाचणी छापली. दोन्ही गोळ्या मिळालेल्यांत पहिल्या फेरतपासणीपर्यंत ८३.८ टक्के, एकटी मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत ६७.१ टक्के जणींचे काम पूर्ण झाले होते. महिन्याभरात पिशवी साफ करावी लागली ती पहिल्या गटात ८.८ टक्के, दुसऱ्यात २३.५ टक्के जणींची. दोन वर्षांनी ब्रिटनमधील ७११ स्त्रियांच्या चाचणीतही कल तोच दिसला, फरक जरा कमी होता. जागतिक आरोग्य संघटना आता ठोके थांबलेल्या गर्भासाठी शक्य तेथे दोन्ही गोळ्यांची जोडी सुचवते.

मात्रा आणि वेळापत्रक येथे मुद्दाम देत नाही. वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन दुकानात जाण्याचा हा विषय नाही. गर्भ नळीत अडकला आहे की नाही हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही, आणि नळीतल्या गर्भावर या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही. उलट रक्त आले म्हणून ‘झाले’ असे वाटून बसले तर जीवावर बेतते.

गोळ्या घेतल्यावर काय होते ते मात्र सांगायला हवे, कारण न सांगितल्यानेच बायका घाबरतात. शेवटच्या गोळीनंतर काही तासांत पोटात कळा सुरू होतात, पाळीपेक्षा कितीतरी जास्त. थंडी वाजते, ताप चढल्यासारखे वाटते, जुलाब होतात. हा गोळीचाच परिणाम असतो आणि साधारण दिवसभरात ओसरतो. गाठी पडतात. रक्तस्राव तीन-चार तास जोरात, मग पाळीसारखा, मग आठ-पंधरा दिवस डागांपुरता. दुखण्याची गोळी आधीच लिहून घ्यावी, सोसत बसण्यात शौर्य नाही. रात्री सोबत कोणीतरी हवे आणि दाराशी वाहनाची सोय हवी. एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि पुढच्या तासातही तसेच झाले, तर थांबायचे नाही. चक्कर, खांद्यात दुखणे, पोटात एका बाजूला तीव्र कळ, एक दिवस उलटूनही न जाणारा ताप, घाण वासाचा स्राव यांपैकी काहीही झाले तरी रुग्णालय गाठायचे.

मंडणगड ते राजापूर

ब्रिटनच्या किंवा अमेरिकेच्या चाचण्यांत ‘रुग्णालय गाठायचे’ हे वाक्य सोपे असते. रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. नऊ तालुके, समुद्राला समांतर लांबलचक पट्टी, मध्ये खाड्या आणि घाट. दाभोळहून धोपाव्याला किंवा जयगडहून तवसाळला दिवसा फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते. रात्री बोट नसली की तोच प्रवास खाडीला वळसा घालून तासांचा होतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा शहरातल्या शहरात रुग्ण हलवता येत नव्हता. जिल्हा शासकीय रुग्णालय रत्नागिरीत, त्याला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड. उपजिल्हा रुग्णालये दापोली, कळंबणी आणि कामथे येथे. डेरवणचे रुग्णालय चिपळूण-संगमेश्वरकरांना जवळ. पण एखाद्या वाडीवरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत यायचे आणि मग १०८ ची वाट पाहायची, यातच तास जातो.

म्हणून गोळ्यांचा मार्ग निवडताना कोकणात आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, रात्री दोन वाजता रक्त वाढले तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला किती वेळ? दुसरा, हिमोग्लोबिन किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. जिच्या अंगात रक्तच कमी आहे तिला थोडा जास्त रक्तस्रावही परवडत नाही. तिची आणि रक्त न गोठण्याचा विकार असलेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी.

पण यावरून ‘मग खेड्यातल्या बाईला गोळ्या नकोतच, सरळ साफ करा’ असा निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. गोळ्या घरीच घेतल्या पाहिजेत असा नियम कोठे आहे? पावसाळ्यात दूरच्या वाडीवरच्या बाईला एक दिवस वॉर्डात ठेवून, सलाइनची सुई हाताला लावून ठेवून, तेथेच गोळ्या देता येतात. किंवा त्या दोन दिवसांसाठी ती तालुक्याच्या गावी बहिणीकडे राहू शकते. भूल टळते, गर्भाशयात काही घालावे लागत नाही, आणि गरज पडली तर डॉक्टर जवळच असतात. खाटांची टंचाई आहे हे मान्य. पण पिशवी साफ करायलाही खाट लागतेच.

वाट पाहण्याच्या तिसऱ्या मार्गाबद्दलही हेच. रक्तस्राव सुरू होऊन अर्धा भाग पडून गेलेला असेल तर थांबण्यात यश मोठे. लंडनमधील २००२ च्या एका अभ्यासात अशा ९१ टक्के जणींचे चार आठवड्यांत आपोआप पूर्ण झाले. गर्भ आतच थांबलेला असेल तर ७६ टक्के, रिकामी पिशवी असेल तर ६६ टक्के. अडचण एवढीच की नेमके केव्हा हे कळत नाही. लावणीच्या दिवसांत, मच्छीच्या किंवा काजूच्या कारखान्यात पाळीवर असताना, भर बाजारात सुरू होऊ शकते. ब्रिटनमध्ये १,२०० स्त्रियांवर झालेल्या ‘मिस्ट’ चाचणीत तिन्ही मार्गांत जंतुसंसर्गाचे प्रमाण २ ते ३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. अचानक दाखल होण्याची वेळ मात्र वाट पाहणाऱ्यांपैकी ४९ टक्के, गोळ्या घेतलेल्यांपैकी १८ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८ टक्के जणींवर आली. या चाचणीत मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉल दोन्ही वापरल्या होत्या. आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि म्हणूनच निवड बाईची असायला हवी.

साफ करायचे तर कशाने?

काहींना शस्त्रक्रियाच हवी असते, आणि ते कारण अगदी योग्य असू शकते. मला हे आज संपवायचे आहे, घरी रक्त बघायचे नाही, परवा कामावर जायचे आहे. रक्तस्राव अनावर असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर दुसरा पर्यायही नसतो. पण ‘क्युरेटिंग’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक, धातूच्या चमच्यासारख्या अवजाराने खरवडणे. दुसरी, नळीने शोषून घेणे. जागतिक आरोग्य संघटनेने धारदार खरवडणे सोडून द्यावे असे स्पष्ट सांगितले आहे. शोषण्यासाठी विजेचे यंत्रही लागतेच असे नाही. हाताने ओढायची ६० मिलिलिटरची मोठी सिरिंज आणि प्लॅस्टिकची लवचिक नळी एवढ्यावर, जागेपुरती भूल देऊन, काम होते. वादळात दोन दिवस वीज गेलेल्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही, डॉक्टर प्रशिक्षित असतील तर, हे शक्य आहे.

खरवडण्याचा, विशेषतः पुन्हा पुन्हा खरवडण्याचा, धोका म्हणजे गर्भाशयाचे आतले अस्तर जखमी होऊन भिंती एकमेकींना चिकटणे. जोसेफ ॲशरमन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांच्या नावाने तो विकार ओळखला जातो. पाळी कमी होते किंवा बंद होते, दिवस राहत नाहीत. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयरोगही हेच करतो, त्यामुळे दोष कोणाचा हे कळणेही अवघड. ‘पिशवी धुऊन घेतली की पुढचा गर्भ चांगला बसतो’ असे म्हणत, सगळे आपोआप पडून गेलेल्या बाईलाही टेबलावर घेतले जाते. त्याला आधार नाही. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसत असेल आणि रक्तस्राव ओसरत असेल तर धुण्यासारखे आत काही उरलेले नसते. ‘‘खरवडणार की सक्शन करणार?’’ हा प्रश्न उद्धट नाही.

गोळ्या मिळण्याचे दुखणे वेगळेच आहे. २०१२ मधील परळीच्या आणि २०१७ मधील म्हैसाळच्या प्रकरणांनंतर गर्भपाताच्या औषधांवर अन्न व औषध प्रशासनाची नजर कडक झाली. स्त्रीभ्रूणहत्येच्या विरोधात ती आवश्यक होती. पण लिंगनिदान सोनोग्राफीत साधारण तीन महिन्यांनंतर होते आणि या गोळ्या प्रामुख्याने त्याआधी वापरायच्या असतात, हा तपशील धाकात हरवला. नोंदवह्यांची कटकट नको म्हणून अनेक दुकानदार ही औषधे ठेवतच नाहीत. शहाणा मार्ग म्हणजे दुकानांत न भटकता रुग्णालयातूनच गोळ्या घेणे. मिसोप्रोस्टॉल प्रसूतीसाठी लागते, त्यामुळे जेथे बाळंतपणे होतात तेथे ती असायला हवी.

नंतरचे काही

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार १२ आठवड्यांच्या आत त्याची गरज नाही. आपल्याकडे अनेक डॉक्टर अजूनही देतात. वाद असेल तेथे आपल्या डॉक्टरांचे ऐकावे, पण रक्तगट कागदावर लिहून घ्यावा. पिशवी साफ केली असेल तर पडलेला भाग तपासणीला पाठवला का, ते विचारावे. क्वचित तो द्राक्षगर्भ निघतो आणि मग पुढे काही महिने रक्ततपासण्या लागतात. गोळ्यांनी घरी पडून गेले असेल तर तीन-चार आठवड्यांनी लघवीची तपासणी करावी. ती तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांना भेटावे.

पुढच्या वेळेची चिंता सगळ्यांनाच असते. ‘मिस्ट’ चाचणीतील स्त्रियांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. तिन्ही गटांत दहापैकी आठजणींना त्या काळात बाळ झाले. कोणत्या मार्गाने आधीचा गर्भ गेला याने फरक पडला नाही. सहा महिने थांबा असा सल्ला आपल्या आरोग्य यंत्रणेतून दिला जातो. स्कॉटलंडमधील ३० हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत मात्र सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांचे काही वाईट झालेले दिसले नाही, उलट बरेच दिसले. रक्त भरून निघाले आहे आणि मनाची तयारी आहे, तर तारखा मोजत बसू नये. आणि घाई नसेल तर गर्भनिरोधक लगेच सुरू करता येते, कारण दोन-तीन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात.

मनाबद्दल आपल्याकडे ‘लहानच होतं, विसरून जा’ यापलीकडे बोलले जात नाही. लंडन आणि बेल्जियममधील रुग्णालयांतल्या स्त्रियांच्या अभ्यासात महिन्याभराने २९ टक्के जणींत आघातोत्तर ताणाची आणि २४ टक्के जणींत चिंतेची ठळक लक्षणे दिसली. नऊ महिन्यांनीही ती पूर्ण गेलेली नव्हती. झोप उडणे, दुसरीचे बारसे टाळावेसे वाटणे, अंगणवाडीजवळून जाताना रडू येणे हे वेड नव्हे. घरच्यांनी ‘काय खाल्लं होतंस’ हा एक प्रश्न गिळला तरी मोठी मदत होते.

शेवटी नोकरी करणाऱ्यांसाठी. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भस्रावानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. राज्य कामगार विमा योजनेतही ४२ दिवसांचा लाभ मिळतो. २६ व्या आठवड्यापर्यंतचा गर्भस्राव यात धरला जातो, म्हणजे सात-आठ आठवड्यांचाही. मार्ग गोळ्यांचा होता, शस्त्रक्रियेचा की वाट पाहण्याचा, याने रजेत फरक पडत नाही. पुरावा म्हणून वैद्यकीय दाखला लागतो. त्यावर ‘आपोआप झालेला गर्भस्राव’ असे स्पष्ट शब्दांत, तारखेसह लिहून मागावे आणि सोनोग्राफीच्या कागदाची एक प्रत त्याला जोडावी.